शिंपल्यांची हरकत

ओहोटी लागली गं, खाडी झाली रिती
पायांनी वाच बाई चिखलाची पोथी

आईचा हा आवाज तृप्तीला ऐकू आला तो खारवण्याच्या शाळेत, माइक तपासताना. आई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि हा आवाज तर त्याच्याही कितीतरी आधीचा. तृप्ती तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. पोटरीभर चिखलात आई पुढे, आणि मागे दोन पोरी, तृप्ती आणि शेजारची संजू. तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या खायच्या शिंपल्या, काही डोळ्यांनी दिसत नाहीत. त्या पायाच्या बोटांनी हुडकायच्या. बोटाला टणक लागलं की थांबायचं, वाकायचं, उचलायचं. संजूच्या बोटांना जेवढं कळे तेवढं अख्ख्या गावात कुणाला कळत नसे. "ह्या पोरीच्या पायाला डोळे हायत," असं आई म्हणायची.

"हॅलो, हॅलो," तृप्ती माइकमध्ये म्हणाली. समोरच्या पडद्यावर नोंदयंत्राने तेही लिहून टाकलं, 'हॅलो, हॅलो.' सभेत उच्चारलेला प्रत्येक शब्द तिथे उमटे आणि त्याच क्षणी राज्यभर कुणालाही वाचता येई. एकदा उमटलेलं पुसता येत नसे. मंत्र्यालासुद्धा नाही.

पूर्वी असं नव्हतं. सरकारी खात्याने कुणावर खटला भरला, की तो एके दिवशी गुपचूप मिटायचा. दोन वकील, एक बंद खोली, चार कप चहा. गावाला पेपरातून कळायचं, तेही कळलं तर. मग खुल्या तडजोडीचा कायदा आला. खात्याला तडजोड करायची तर करा, पण सही करण्याआधी मसुदा बाधित गावात जाऊन मोठ्याने वाचा. तीस दिवस हरकती घ्या. प्रत्येक हरकतीला नंबर द्या, प्रत्येकीला लेखी उत्तर द्या, आणि शेवटच्या दिवशी ती उत्तरं त्याच गावात उभं राहून वाचा. त्यानंतरच तडजोड न्यायालयापुढे जाणार. ह्या वाचण्या-ऐकण्यासाठी एक नवी जागा निघाली, लोकसहभाग अधिकारी. किनारा जल प्राधिकरणात ती जागा तृप्ती भाटकरला मिळाली होती. आणि पहिलंच मोठं प्रकरण आलं ते तिच्या स्वतःच्या गावचं.

तिने मसुदा वाचायला घेतला. खाडीच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना होता. त्याने खाडीत पारा सोडला, तो तिसऱ्यांतून लोकांच्या पोटात गेला. कारखान्याला ते मान्य आहे. बाधितांच्या आणि त्यांच्या मुलांच्या आजन्म औषधपाण्याचा, शिक्षणाचा भार तो उचलेल. कलम चार : पारा सोडण्याचा काळ सन दोन हजार एकतीसपासून धरण्यात येत आहे. त्याआधीचे प्राधिकरणाचे पाण्याचे नमुने निर्दोष आहेत.

पंख्याचा कर्रकर्र आवाज तेवढा येत होता. तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली. उठताना तिने पुढच्या बाकाला धरलं ते बोटांनी नव्हे, मनगटाने.

"माझी पूर्वा एकोणतीस सालातली," संजू म्हणाली. "ती धरली का नाय?"

पूर्वा तिच्या शेजारीच बसली होती. बारा वर्षांची. मान किंचित डुलत होती, वाऱ्यावर गवताचं पातं डुलावं तशी. तिला ऐकू कमी येई, आणि बटण लावायला आईच लागे. पण आईलाही आता बटण लागत नसे. मायलेकी बिनबटणाचे झगे घालत.

"मसुद्याप्रमाणे... एकतीसच्या आधीचे ह्यात येत नाहीत," तृप्ती म्हणाली. "तू हरकत दे. लेखी."

"लिहू कशानं गो, तृप्ते? पेन बोटांत हाय का पडला, ते बघावं लागतं मला."

मागून कुणीतरी हसलं. संजूही हसली. तृप्तीने कोरा अर्ज पुढे ओढला आणि संजूच्या तोंडून तिची हरकत स्वतःच्या अक्षरात लिहून घेतली. तिला नंबर पडला सतरा. अंगठा उठवताना संजूचं बोट तिने हातात धरलं. थंडगार होतं, आणि आपण धरलंय हे संजूला कळलेलंही नव्हतं.

तृप्तीला त्याचं काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गेली बारा-तेरा वर्षं हे असंच होतं.

*

आठवड्याने निलोफर मुकादम आली. दापोलीकडची पोरगी, सागरी रसायनाची डॉक्टर, तिशीही न गाठलेली. हरकतींसोबत पुरावा जोडायचा तर गावाला फुकट शास्त्रज्ञ द्यावा, असं कायद्यातच होतं. तिच्या टेम्पोत शिवणयंत्राएवढी एक पेटी होती. पेटीचं नाव भरतीवाचक.

"पाणी वाहून जातं," ती अंगणात जमलेल्या बायांना सांगू लागली. "बारा वर्षांपूर्वीचं पाणी आज कुठून आणणार? पण तिसरी वाहून जात नाही. भरती आली की ती तोंड उघडते, खाते-पिते, आणि शिंपल्याच्या कडेला चुन्याचा एक पापुद्रा चढवते. ओहोटीला तोंड मिटते. मग तिथे एक बारीक काळी रेघ पडते. एक भरती, एक रेघ. वर्षाला सातशेच्या वर रेघा."

"म्हणजे पोथीच की," एक म्हातारी म्हणाली.

"पोथीच. आणि त्या भरतीच्या पाण्यात जे असेल, ते त्या पापुद्र्यात अडकून राहतं. माझं यंत्र शिंपला आडवा कापून त्यावर उजेडाची सुई फिरवतं. केसाहून बारीक कण जाळतं आणि त्यातले अणू तोलतं. कुठल्या रेघेत पारा आहे, किती आहे, ते सांगतं."

"पण साल कसं कळायचं गो? शिंपल्यावर काय तारीख छापलेली असते?"

"उधाणाच्या दिवसांत पापुद्रे जाड, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत बारीक. त्या जाड-बारीकची नक्षी दर वर्षी निराळी असते. एक तिसरी जगते चार-पाच वर्षं. तिची शेवटची नक्षी आणि दुसरीची सुरुवातीची नक्षी जुळली, की दोघींची साखळी झाली. अशा शंभर शिंपल्या मिळाल्या तर मी वीस वर्षं मागे जाईन. फक्त जुन्या शिंपल्या हव्यात. आणि कुठल्या घरच्या, ते कळायला हवं."

बाया एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. खारवण्यात खाल्लेल्या तिसऱ्यांचे शिंपले कुणी बाहेर टाकत नसे. ते घरच्या माडाच्या आळ्यात जात, चुना मिळून माड धरतो म्हणून. आणि आपल्या घरचे शिंपले दुसऱ्याच्या माडाला कधी घालायचे नाहीत, घरची बरकत जाते. सगळ्या गावाचं जेवण वर्षानुवर्षं थर लावून, घराघराने वेगळं, माडांच्या मुळाशी रचून ठेवलेलं होतं.

दोन दिवस गाव माडांची आळी खणत होतं. कुदळींच्या घावाखाली शिंपले खणाखण वाजत होते. अर्जांच्या ढिगाबरोबर आता प्राधिकरणाच्या टेबलावर शिंपल्यांच्या पिशव्या येऊ लागल्या. पिशवीवर घराचं नाव, सोबत हरकतीचा नंबर. तृप्ती प्रत्येकीची पोच देत होती. शिक्का मारायचा, सही करायची, पुढची पिशवी. मीठ आणि कुजका चिखल ह्यांचा तो वास. लहानपणी हा वास आला की तिला भूक लागे.

*

"निकाल बघितले मी," ढवळे साहेब फोनवर म्हणाले. ते आता प्राधिकरणाचे सचिव होते. तेरा वर्षांपूर्वी तृप्ती कंत्राटी नमुनेवाली होती, तेव्हा ते तिचे विभागीय अधिकारी. "अठ्ठावीसच्या उन्हाळ्यापासून पारा दाखवतंय ते यंत्र. म्हणजे तीन वर्षं मागे. अख्खी तडजोड बसते खाली."

"हो, सर."

"पण आपले पाण्याचे नमुने आहेत ना त्या काळातले. अधिकृत. ओहोटीला घेतलेले, स्वच्छ. त्यावर सही कुणाची आहे, सांगायला नको. न्यायालय यंत्राचं ऐकेल, पण विरुद्ध कागद नसेल तर. शिंपल्याला सही करता येत नाही, तृप्ती. तुला येते."

"हो, सर."

"सगळ्या हरकतींना एकच उत्तर लिही. सभ्य भाषेत."

तिने लिहिलं. 'आपली हरकत काळजीपूर्वक विचारात घेण्यात आली. तथापि तत्कालीन अधिकृत नमुने निर्दोष असल्याने ती स्वीकारता येत नाही.' खाली नंबर बदलायचा. एक, दोन, तीन. सतरावर तिचा हात जरासुद्धा थांबला नाही. थांबला नाही हे मात्र तिच्या लक्षात आलं.

पाण्याचे नमुने ओहोटीला घ्यायचे असतात. तेव्हा खाडीत खाडीचंच पाणी उरतं, आणि कारखान्याने काय सोडलं ते उघडं पडतं. भरतीला समुद्र आत शिरतो. हंडाभर पाण्यात थेंबभर शाई टाकली तर दिसेल कशी? नियम तिला पाठ होता. पण ढवळे म्हणाले होते, "होडी भरतीलाच सोयीची. फॉर्मवर ओहोटी लिही, वेळही तशीच टाक. सगळे तसंच करतात." तिने तसंच केलं. कायम होण्याची फाइल त्यांच्याच टेबलावर होती.

एकदाच, अठ्ठावीसच्या ऑक्टोबरात, कुणाला न सांगता ती खऱ्या ओहोटीला उतरली आणि एक बाटली भरून आणली. निकाल आला तेव्हा तिला वाटलं, दशांशचिन्ह चुकलंय. ढवळ्यांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. "ही बाटली वाटेत फुटली," ते म्हणाले. रागावून नाही, समजूत घातल्यासारखं. महिन्याभरात ती कायम झाली.

आईची एक ओवी होती :

भरतीचं पाणी बाई वरवर गोड
ओहोटी उघडी करी तळातली खोड

त्या दिवसानंतर ही ओवी तृप्तीने मनातसुद्धा म्हटली नव्हती.

*

सभेच्या आदल्या दुपारी निलोफरने शाळेच्या फळ्याएवढा तक्ता लावला. आडव्या ओळीत साल आणि महिने, उभ्या ओळीत घरं. प्रत्येक घराची एक निळी पट्टी. घर जोवर तिसऱ्या खात होतं, तोवर पट्टी. पारा जिथे सुरू झाला तिथून सगळ्या पट्ट्या लाल. सगळ्या छत्तिसात संपत होत्या, गावात खाण्याची बंदी झाली त्या वर्षी.

एक सोडून.

"हे घर मला कळत नाही," निलोफर पेनाने दाखवत म्हणाली. "लाल सुरू झालं, आणि सहा-सात महिन्यांत पट्टी संपलीच. शेवटची रेघ अठ्ठावीसच्या नोव्हेंबरातली. पौर्णिमेनंतरची तिसरी भरती. त्यानंतरचा एकही शिंपला नाही. हे घर बंद झालं होतं का, मॅडम?"

पट्टीवर नाव होतं : भागीरथी भाटकर.

संजू तिथेच होती, पूर्वाला घेऊन. "तुमचा माड मीच खणला," ती तृप्तीला म्हणाली. "तुझ्या घराची किल्ली माझ्याकडंच की. तुला विचारायचं तर फोन उचलत नाय तू. म्हटलं, भागीआय असती तर पयली कुदळ तिनंच मारली असती." मग ती तक्त्याजवळ गेली, नाक लागेल इतकी जवळ. "घर बंद कशानं हुईल? सदतीसला गेली ती."

तृप्ती दुसरीकडे वळली. खिडकीतून खाडी दिसत होती. पाणी ना चढत होतं, ना उतरत होतं. भरती-ओहोटीच्या मधली ती घडीभराची वेळ होती.

"अगं हां!" संजू एकदम म्हणाली. "गुडघे! भागीआयचे गुडघे. डॉक्टरनं सांगितलं म्हणून सोडल्यान होत्या तिनं तिसऱ्या. तूच नव्हतंस का तिला डॉक्टरकडं नेलं? मला सांगायची ना, 'माझी लेक माझी जीभ बांधून गेली गो.'" ती निलोफरकडे वळली. "बाय, तसं लिही. गुडघ्यांमुळं."

निलोफरने वहीत लिहिलं : गुडघेदुखी.

तेरा वर्षांपूर्वी सांगितलेलं खोटं अजून चालत होतं. चांगलं राखलेल्या घड्याळासारखं. त्याला किल्लीही आता संजूच देत होती.

"पण ह्याने उद्या काही होणार नाही, ताई," निलोफर संजूला म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "त्यांचे पाण्याचे कागद आहेत. मी कितीही रेघा मोजल्या तरी साहेब म्हणणार, पाणी स्वच्छ होतं. ते नमुने घेणाऱ्यानेच उद्या सांगितलं की ते खोटे होते, तर गोष्ट वेगळी. पण असं कोण सांगतं? नोकरी जाईल, खटला होईल."

"तसा माणूस नसतो गो," संजू म्हणाली. मग पूर्वाच्या गालावर तिने स्वतःचा गाल टेकवला. बोटांची जाणीव गेल्यापासून ती लेकीचा ताप असाच बघायची. "चल. ऊन हाय का सावली, ते तरी कळतंय अजून."

*

तिसाव्या दिवशी शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत कारखान्याचे वकील, प्राधिकरणाचे वकील आणि त्यांच्या मधोमध ढवळे साहेब. पडद्यावर नोंदयंत्राचा ठिपका लुकलुकत होता.

तृप्ती उत्तरं वाचू लागली. हरकत क्रमांक एक. आपली हरकत काळजीपूर्वक विचारात घेण्यात आली, तथापि. हरकत क्रमांक दोन. तिच्या आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. हातपंपाचं पाणी पडावं तसे शब्द पडत होते आणि पडद्यावर उमटत होते. क्रमांक नऊला एक म्हातारा उठून निघून गेला. क्रमांक बाराला कुणीतरी म्हणालं, "एकदाच वाच की बाय, आणि म्हण 'सगळ्यांना'." पुन्हा हसू पिकलं. ढवळे साहेबही हसले.

"हरकत क्रमांक सतरा," तृप्तीने वाचलं. "हरकतदार संजीवनी पावसकर. मुलगी पूर्वा, जन्म एप्रिल दोन हजार एकोणतीस. आपली हरकत काळजीपूर्वक..."

संजू तिसऱ्या रांगेत उभी राहिली होती. हरकतदाराने उत्तर उभं राहून ऐकायचं असतं, असं कुणीतरी तिला सांगितलं असावं. तसा काही नियम नव्हता. तिने दोन्ही मनगटं पुढच्या बाकावर टेकली होती आणि ती ऐकत होती, अगदी मन लावून. शाळेत हजेरी ऐकायची तशी.

तृप्तीने कागद खाली ठेवला. तिला वाटलं होतं, असं कधी झालंच तर छातीत काहीतरी फुटेल, हात कापतील. काहीच झालं नाही. फक्त पायाच्या बोटांखालची फरशी तिला एकाएकी जाणवली. थंड, खडबडीत, एका जागी उखडलेली.

"नोंदीत घ्या," ती म्हणाली. "अठ्ठावीस ते तीस ह्या काळातले पाण्याचे सगळे नमुने मी घेतले. तृप्ती भाटकर. ते भरतीला घेतले आणि ओहोटीचे म्हणून लिहिले. सही माझी आहे, सही खरी आहे, नमुने खोटे आहेत."

ढवळे साहेब उठले. "मॅडमची तब्येत..."

"एक नमुना ओहोटीचा होता. ऑक्टोबर अठ्ठावीस. त्यात पारा होता. ती बाटली फुटली नव्हती. निकाल ढवळे साहेबांनी खिशात घातला आणि मी घालू दिला."

पडद्यावर अक्षरं उमटत गेली. कारखान्याचे वकील फोन कानाला लावून दाराकडे निघाले. सभेत गलका उठला, मग निवला. संजू अजून उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद पसरू लागला होता. पूर्वा धरली जाणार, एवढं तिला कळलं होतं. तिने मैत्रिणीकडे पाहिलं. देवाला बघावं तसं.

तृप्तीला तिथे थांबता आलं असतं. कायद्याला एवढंच पुरेसं होतं.

ती माइकपासून बाजूला झाली आणि तिसऱ्या रांगेपर्यंत चालत गेली. नोंदयंत्राला तरीही ऐकू जात होतं.

"संजू," ती म्हणाली, "आयच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरनं तिसऱ्या सोडायला सांगितलंच नव्हतं. मी तिला खोटं सांगितलं, तिनं तिसऱ्या सोडाव्या म्हणून. खरं तिलाही नाही सांगितलं, तुलाही नाही. ती चिखलात जायची ती जायचीच. आपल्याला चालत नाहीत म्हणून आणलेल्या सगळ्या तुला द्यायची. तुला दिवस गेले होते ना. कुंपणाच्या गडग्यावरून तिनं वाटी पुढं केली, तू हात पसरलेस, म्हणालीस, 'भागीआय, आज खोबरं जास्त घातलंस.' मी ओसरीवर बसले होते, संजू. वाटीत काय होतं ते मला ठाऊक होतं."